माकडाचा वाटा

चोराला खाऊ द्यावा की नाही, हा प्रश्न मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पडला, आणि तोही देवळाच्या दारात. शाळामास्तराला असले प्रश्न खरे म्हणजे पडू नयेत. वर्गात एका पोराने दुसऱ्याची पेन्सिल लांबवली तर काय करायचे, ते आम्हांला पाठ असते. पेन्सिल परत करायला लावायची, दोन शब्द सुनवायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. चोराच्या हातावर आधी पेरू ठेवायचा आणि मग त्याच्याकडून पेन्सिल घ्यायची, असे मी पंचवीस वर्षांच्या नोकरीत कधी केले नाही. पण बाली बेटावर, समुद्राकाठच्या एका कड्यावर, मी नेमके तेच केले. आणि नवल असे की, त्यात आजूबाजूच्या कुणालाही काही वावगे वाटले नाही.

बालीला मी हौसेने गेलो नव्हतो. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि दोन-चार कादंबऱ्या नावावर असलेल्या माणसाच्या हौसेची धाव पंढरपूर-कोल्हापूरच्या पलीकडे सहसा जात नाही. माझा पुतण्या बोटीवर नोकरीला आहे. वडिलांची साठी त्याने विमानाची दोन तिकिटे पाठवून साजरी केली. एक वडिलांचे, आणि वहिनी गुरांना सोडून हलायला तयार नव्हत्या, म्हणून दुसरे माझे. गेल्या वर्षी भाऊबीज आटोपली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे भाऊ निघालो.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. मी शाळेच्या गावी राहतो. तो कोकणातल्या आमच्या मूळ घरी. नारळ, पोफळी, केळी आणि डोंगरउतारावर काजू, एवढी आमची बाग. गेली दहा-बारा वर्षे त्या बागेत दादाचे माकडांशी युद्ध चालू आहे. लाल तोंडाची माकडे येतात, काळ्या तोंडाचे वानर येतात. शहाळी पाडतात, केळीचे कोके ओरबाडतात, परसातल्या पडवळाचे फूलसुद्धा ठेवीत नाहीत. दादाने फटाके लावून पाहिले, कुत्री पाळून पाहिली, बुजगावण्याला स्वतःचा जुना कोट घालून पाहिला. त्या कोटाच्या खिशात हात घालून बसलेले माकड वहिनींनी डोळ्यांनी पाहिले आहे. हाच दादा दर शनिवारी मारुतीच्या देवळात तेल घेऊन जातो. शनिवारी मारुतीला तेल आणि रविवारी त्याच्या गणगोताला दगड, अशी आमच्याकडे त्याची थट्टा होते.

बालीत माकडांची देवळे आहेत, आणि आपण ती पाहणार आहोत, असे मी विमानात सांगितले तेव्हा तो म्हणाला, “एवढे पैसे खर्चून माकडे बघायला जायचे? त्या लोकांना म्हणावे, आमच्याकडे या. फुकट दाखवतो.”

बाली क्षेत्रफळाने आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही लहान. वस्ती चाळीस लाखांच्या वर, आणि तीत शंभरांतले पंच्याऐंशीच्या आसपास लोक हिंदू. चहूकडे मुसलमानी वस्तीचा अफाट देश आणि मध्ये हे एक बेट. तिथला हिंदू धर्म पाहून आपण ओळखीच्या घरात आलो असे वाटते, पण फडताळे मात्र दुसऱ्याच भिंतींना लावलेली. लोक एकमेकांना ‘ओम् स्वस्त्यस्तु’ म्हणतात. देऊळ म्हणजे गाभारा आणि कळस नव्हे. भिंतींनी वेढलेले उघडे अंगण, आणि त्यात गवती छपरांचे, एकावर एक चढत गेलेले मनोरे. कमरेला वस्त्र आणि त्यावर पट्टा बांधल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. दादाला ते फार आवडले. “आपल्याकडे अर्ध्या चड्डीत देव बघतात,” तो म्हणाला.

सकाळी घरोघरी, दुकानोदुकानी, पायरीवर, वाटेवर, माडाच्या पात्यांच्या विणलेल्या लहान लहान पत्रावळ्या मांडलेल्या दिसतात. त्यांत फुले, चिमूटभर भात, एखादे बिस्किट आणि वर उदबत्ती. त्याला ‘चनांग सारी’ म्हणतात. ‘सारी’ म्हणजे सार. त्यातले सार देव घेतो. मागे राहते ते ज्याला सापडेल त्याचे. आमच्या मुक्कामाच्या दारातला नैवेद्य रोज एक कोंबडी खाई. हाकलणारे कुणी नव्हते. दादा तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहत बसे.

तिसऱ्या दिवशी आम्ही उलुवातूला गेलो. बेटाच्या दक्षिण टोकाला, समुद्रापासून सुमारे सत्तर मीटर उंच अशा सरळ तुटलेल्या कड्यावर ते देऊळ आहे. बालीच्या सहा मोठ्या देवळांत त्याची गणना होते. सोळाव्या शतकात जावाहून आलेले निरर्थ नावाचे थोर पुरोहित इथे मोक्षाला गेले, असे सांगतात. खाली निळ्या पाण्याचा गडगडाट, वर वारा, आणि भिंतीवर ओळीने बसलेली लांब शेपटीची करडी माकडे. चष्मे काढून ठेवा, अशी पाटी दारातच होती. पण चष्मा काढल्यावर मला ती पाटी वाचता येणार नव्हती, आणि घातल्यावर ती पाळता येणार नव्हती. पुढचे सांगायला नकोच. मानेवर कुणाचे तरी थंड हात लागले, आणि समुद्र एकदम पुसट झाला.

माझा चष्मा घेऊन ते माकड पळाले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. चार हातांवर भिंतीवर जाऊन बसले आणि आमच्याकडे पाहत राहिले. एक काडी त्याने दातांत धरली. पण चावली नाही. देवळाचा माणूस आला. त्याने खिशातून एक फळ काढून टाकले. माकडाने ते पाहिले आणि मान वळवली. त्याने दुसरे, मोठे फळ काढले. तेव्हा कुठे चष्मा खाली पडला. मी त्या माणसाला पैसे दिले, त्याने हात जोडले आणि आमचा व्यवहार पुरा झाला.

“बघ,” दादा म्हणाला, “आमची माकडे चोर असतील. पण खंडणी मागत नाहीत.”

ही माकडे खरोखरीच भाव ठरवतात, असे पुढे मला कळले. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या ज्याँ-बाप्तिस्त लेका यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे बसून या देवघेवीचा अभ्यास केला आणि २०२१ साली तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. माणसाला कोणती वस्तू अधिक मोलाची वाटते, हे मोठ्या माकडांना समजते. तीच वस्तू ती निवडून पळवतात, आणि मोल जास्त तर त्याबद्दलचा खाऊही चढा मागतात. लहान पिल्लांना हे येत नाही. ती वाटेल ते उचलतात. वस्तूंची किंमत माकडाला वयाबरोबर, शिकून कळते.

हे वाचले तेव्हा मी आधी हसलो आणि मग ओशाळलो. कारण ही विद्या त्यांना शिकवणारा मास्तर कोण? माकडाला चष्म्याचा काय उपयोग? चष्म्याची किंमत ते माझ्या चेहऱ्यावर वाचते. माझी तारांबळ झाली नसती तर ती काडी त्याला रानातल्या काटकीहून वेगळी नव्हती.

आणि ओलीस ठेवण्याची विद्या आपण तरी कुठे विसरलो आहोत? पोरगा आजारी पडला की आपल्याकडे देव पाण्यात घालून बसतात. पाऊस लांबला की महादेवाचा गाभारा पाण्याने कोंडतात. देवाला बुडवून ठेवायचे आणि काम झाले की बाहेर काढायचे! नवस म्हणजे तरी काय? ‘तू हे दे, मग मी ते देईन.’ आधी नारळ, मग सोन्याचा डोळा. पहिल्या फळाला देव वळला नाही की दुसरे, मोठे. उलुवातूच्या भिंतीवर बसलेले ते माकड आमच्याच घरातले वाटू लागले. देवळात राहून ते देवाकडून काही शिकले नसेल. भक्तांकडून मात्र पुष्कळ शिकले आहे.

मग पवित्र ते काय? हे देऊळ पवित्र, त्यातले माकड पवित्र, असे आपण म्हणतो तेव्हा नेमके कशाबद्दल बोलतो? माकडाच्या अंगात तर मला पावित्र्य दिसले नाही. त्याच्या अंगात भूक होती, हुशारी होती आणि पाठीवर एक जुनी जखम होती.

पुढचे दोन दिवस हाच प्रश्न घेऊन मी हिंडलो. पूर्व किनाऱ्यावर ‘गोआ लावाह’ नावाचे देऊळ आहे. ‘गोआ’ म्हणजे गुहा आणि ‘लावाह’ म्हणजे वाघूळ. नावाप्रमाणेच काळ्या गुहेच्या तोंडाशी देऊळ, आणि गुहेच्या छताला हजारो वटवाघळे लोंबकळलेली. आत वासुकी राहतो, असे मानतात. त्याला ते ‘बासुकी’ म्हणतात. प्रेताचे दहन झाल्यावर पुढचे विधी करायला लोक तिथे येतात, कारण एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. आम्ही गेलो तेव्हा एक कुटुंब पांढऱ्या कपड्यांत पूजेला बसले होते. वरून वाघळांची चिकचिक आणि मधून मधून त्यांची घाण खाली पडत होती. एका म्हातारीच्या खांद्यावर शिंतोडा उडाला. तिने तो पुसला नाही. डोळे मिटून फूल धरलेले हात तसेच कपाळाशी ठेवले. कुणी वाघळांना काही घालत नव्हते, आणि वाघळे कुणाकडे काही मागत नव्हती. गुहा त्यांची, अंगण माणसांचे, एवढीच वाटणी.

तानाह लोतला भरतीच्या पाण्याने वेढला जाणारा खडक आणि त्यावर देऊळ. त्याची स्थापना निरर्थांनीच केली आणि आपल्या कमरेच्या पट्ट्याचे साप करून ते राखणीला ठेवले, अशी कथा आहे. समोरच्या कपारीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा समुद्री साप दाखवतात. साप विषारी, पण स्वभावाने थंड. पैसे टाकायचे आणि त्याला हात लावायचा. नागपंचमीला आपल्याकडे टोपलीतून नाग दारोदार येत, त्याची मला आठवण झाली. दादाने हात लावला नाही. “त्याला विचारले का कुणी?” एवढेच म्हणाला.

उबुद गावात माकडांचे रान आहे. पदांगतगाल नावाच्या वस्तीच्या मालकीचे ते सुमारे साडेबारा हेक्टर रान. त्यात तीन देवळे आणि हजारावर माकडे. भोवती दुकाने, खानावळी आणि मोटारी. रानाच्या आत शिरले की मोठमोठे वड, ओढा आणि शेवाळलेल्या मूर्ती. एका देवळाजवळ स्मशान आहे. गरीबगुरिबांची प्रेते तिथे तात्पुरती पुरतात, आणि दर पाच वर्षांनी सर्वांचे मिळून दहन करतात. तोवर त्या मातीवर माकडांची पिल्ले खेळतात. रानाचे नोकर दिवसातून काही वेळा माकडांना रताळी घालतात. ‘त्रिहितकरण’ हा शब्द तिथे ऐकला. माणसाचे देवाशी, माणसाचे माणसाशी आणि माणसाचे भोवतालच्या सृष्टीशी नीट जमले तर हित होते, असा त्याचा अर्थ. शब्द संस्कृत असला तरी तो या रूपाने प्रचारात आला १९६६ नंतर. पण दर २१० दिवसांनी येणारा ‘तुम्पेक कांदांग’ हा त्यांचा जनावरांचा सण मात्र जुना आहे. त्या दिवशी गुरांना न्हाऊमाखू घालून गोडधोड देतात, आपल्या पोळ्यासारखे.

रताळी खाणाऱ्या माकडांकडे पाहत दादा म्हणाला, “ह्या रताळ्यांचे पैसे कोण देतो?”

“तू आणि मी. आपण तिकिटे काढली ना.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग बरोबर आहे. इथे हजार माणसे मिळून हजार माकडे पोसतात. आमच्याकडे माकडे सगळ्या गावाच्या मारुतीची आणि केळी एकट्या माझ्या.”

दादाने चार पुस्तके वाचलेली नाहीत. पण पावित्र्याविषयी मी पुस्तकांत जे वाचले, त्यात हा मुद्दा मला कुठे भेटला नव्हता. एखादी गोष्ट पवित्र मानायला काही खर्च येतो, आणि तो खर्च कुणाच्या तरी अंगावर पडतो. ‘माकडाला मारू नये’ असे म्हणताना मला काही सोडावे लागत नाही, कारण माझ्या गावी माझी केळ नाही. पुण्य मी घेतो आणि वर्गणी दादा भरतो. कळवळा जितका दूर, तितका तो स्वस्त. वर्गात मी मुलांना भूतदयेचा धडा किती वेळा शिकवला असेन! त्यातल्या निम्म्या मुलांच्या घरी आदल्या रात्री भुईमूग उपटून गेलेला असे. आणि ती मुले निमूटपणे माझे ऐकत असत.

शेवटच्या संध्याकाळी आम्हांला गाडीवाल्याने उबुदजवळच्या पेतुलू गावी नेले. एवढाल्या झाडांचा एक रस्ता, दोन्ही बाजूंना घरे. सहाच्या सुमाराला चारी दिशांनी बगळे येऊ लागले. दहा, वीस, शंभर, मग मोजणेच संपले. झाडे पांढरी झाली. खाली रस्ता, घरांची छपरे, वाळत घातलेले कपडे सगळे त्यांच्या घाणीने माखत होते. एक बाई शांतपणे अंगण झाडीत होती. उद्याही झाडावे लागणार, हे तिला ठाऊक असणार.

हे बगळे इथे १९६५-६६ च्या सुमाराला येऊ लागले, असे गाव सांगते. तो काळ इंडोनेशियाच्या इतिहासातला फार काळा. कम्युनिस्ट म्हणून, किंवा तसा संशय आला म्हणून, लाखो माणसे मारली गेली. एकट्या बालीत सुमारे ऐंशी हजार माणसे गेली, असा अंदाज आहे. म्हणजे वीस माणसांत एक. मारणारे पुष्कळदा परके नव्हते, शेजारचेच होते. नैवेद्याच्या पत्रावळ्या विणणारे हेच गोड लोक. त्यानंतर हे पांढरे पक्षी आले, आणि गावाने मानले की, हे ते मेलेलेच लोक आहेत. तेव्हापासून त्यांना कुणी दगड मारत नाही. त्यांच्यासाठी पूजा होते.

गाडीवाल्याने हे मोडक्या इंग्रजीत सांगितले. मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीने समजून घेतले आणि दादाला मराठीत सांगितले. तो झाडांकडेच पाहत होता. गाडीवाला चहा प्यायला गेल्यावर तो म्हणाला, “आपल्या वरच्या फणसाखालचा दगड तुला ठाऊक आहे ना?”

ठाऊक होता. शेंदूर लावलेला दगड. राखणदार म्हणून गावातल्या बायका त्याला फुले वाहतात. शिमग्याला मी स्वतः त्याच्यापुढे नारळ फोडला होता.

“तो देव मी बसवला,” दादा म्हणाला. “चार वर्षांपूर्वी फाल्गुनात गोफणीचा धोंडा एका माकडिणीच्या डोक्यात बसला. भीती घालायला मारला होता, बसला. खाली पडली. पिल्लू पोटाला तसेच. ते काही केल्या सुटेना. मग एक मोठे माकड उतरले आणि त्याला घेऊन गेले. रात्री मी तिला फणसाखाली पुरली. नारळ ठेवला. खूण राहावी म्हणून दगड ठेवला, आणि नुसता दगड बघवेना म्हणून शेंदूर लावला. तुझ्या वहिनीलासुद्धा सांगितलेले नाही.”

बगळ्यांचा कलकलाट एवढा होता की, त्याचे शेवटचे शब्द मला ओठांवरून समजले.

एखाद्याला वाटेल की, मग हे सगळे पावित्र्य खोटेच. आधी मारायचे आणि मग शेंदूर फासायचा. पेतुलूच्या त्या झाडांखाली मलाही क्षणभर तसेच वाटले. जे गाव पक्ष्यावर दगड उचलत नाही, त्या बेटाने माणसांवर हत्यार उचलले होते. पक्ष्याला जपले म्हणजे माणसाला जपायचे राहिले तरी चालते, अशी पळवाटही त्यात असू शकते. मुक्या जिवावर दया करणे सोपे. तो साक्ष द्यायला येत नाही.

पण दादाचा चेहरा पाहिल्यावर मला ते म्हणवेना. त्याने पळवाट शोधली नव्हती. चार वर्षे तो त्या दगडाशेजारून रोज पाणी लावायला जात होता. गावाला राखणदार दिसत होता आणि त्याला ती माकडीण दिसत होती. पावित्र्य ही पुष्कळदा पश्चात्तापाची धाकटी बहीण असते. थोरली घरात तोंड लपवून बसते आणि धाकटी चारचौघांत हळदीकुंकू घेते. तिला खोटी म्हणता येत नाही. ती उशिरा जन्मलेली आहे, एवढाच तिचा दोष.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याचे कारण दादा नव्हता. मला एक जुना हिशेब आठवला. आमच्या बागेच्या वरचा डोंगर आमच्या दोघांच्या समाईक मालकीचा. त्यावर उंबर, जांभूळ, रातांबा, करवंदाच्या जाळ्या, सगळे रान होते. वडील गेल्यानंतर ते आम्ही एका लाकूडवाल्याला विकले आणि तिथे काजू लावला. माझ्या वाट्याला आलेल्या पैशांत मी माझी पहिली कादंबरी स्वखर्चाने छापली. त्या कादंबरीत निसर्गाची वर्णने बरी उतरली आहेत, असे लोक म्हणाले. दादाच्या बागेत माकडे ‘गेली दहा-बारा वर्षे’ येतात, असे मी वर लिहिले. तो डोंगर तोडल्याला आता तेरा वर्षे झाली.

म्हणजे चोरी आधी कुणी केली? माझा चष्मा घेऊन भिंतीवर बसलेल्या माकडाला मी चोर म्हटले. पण आमच्या डोंगरावरच्या माकडांच्या ताटातले अन्न उचलून मी त्याची पुस्तके केली, आणि बदल्यात एक फळसुद्धा टाकले नाही. त्यांनी फणसाखालच्या बागेत उतरून आपले परत मागितले, तेव्हा दगड उचलायची वेळ दादावर आली. गोफण त्याची, पण धोंडा आम्हां दोघांचा होता.

तेव्हापासून मला देण्याचे तीन प्रकार दिसू लागले आहेत. पकडले गेल्यावर देतो ती खंडणी. हातून घडल्यावर देतो ते प्रायश्चित्त. आणि कुणी मागण्याच्या आधी, आपल्या ताटात वाढून घेण्याच्या आधी, बाजूला काढून ठेवतो तो वाटा. आपल्या जुन्या घरांत हा तिसरा प्रकार होता. गाईचा घास होता, कावळ्याची पित्तर होती, मुंग्यांना साखर होती. आजी झाडावरची शेवटची चार फळे काढू देत नसे. पाखरांची म्हणून ठेवी. गावाच्या देवराईतली काटकीसुद्धा कुणी उचलत नसे. आजीला कुणी तत्त्वज्ञान विचारले नाही. पण पावित्र्य म्हणजे काय, याचे उत्तर तिच्या त्या चार फळांत होते, असे आता मला वाटते. पवित्र म्हणजे ज्याच्यावर आपण आपला हक्क सांगत नाही ते. गोआ लावाहची गुहा त्या अर्थाने पवित्र आहे. पेतुलूचे अंगण रोज झाडणारी ती बाई त्या अर्थाने पूजा करते.

अर्थात, वाटा कुणी काढायचा, हा दादाचा प्रश्न उरतोच. एकट्या शेतकऱ्याच्या ताटातून सगळ्या गावाने वाटा काढायचा आणि त्याला भूतदया म्हणायचे, हा न्याय नव्हे. ज्याचे पीक गेले त्याला गावाने, सरकारने भरून दिले पाहिजे. आणि ज्यांनी रान खाल्ले त्यांनी रान परत लावले पाहिजे. मी दुसऱ्या यादीत येतो.

यंदा मृगाच्या पावसात मी आठ दिवसांची रजा काढून गावी गेलो. डोंगराच्या वरच्या अंगाला आम्ही काजूची तीन रांगा झाडे काढली आणि तिथे उंबर, जांभूळ आणि रातांबा लावला. दादा खड्डे काढी, मी रोपे देई. लोकांनी विचारले, तेव्हा दादाने सांगितले, “माकडांची बाग.” लोक हसले. झाडे फळाला यायला पुष्कळ वर्षे लागतील, आणि तोवर माकडे आमच्या केळींवर येणारच. परवाच दादाचा फोन आला. दोन लोंगर गेले म्हणाला. फटाके अजून वाजवतो. गोफण मात्र त्याने माळ्यावर टाकली आहे.

हे सगळे लिहू का, असे मी त्याला विचारले होते. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “लिही. नाव घालू नकोस. पण तुझ्या वहिनीला मी आधी सांगतो.” त्याने सांगितले. वहिनी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी फणसाखाली दिवा ठेवून आल्या, एवढे मला कळले.

आपली दिवाळी वसुबारसेने सुरू होते. त्या दिवशी गाय आणि वासरू यांची पूजा, आणि गाईच्या दुधाचे काही खायचे नाही, असा नेम. लहानपणी मला तो नेम जाचक वाटे. सणाच्या पहिल्याच दिवशी चहा काळा! आई म्हणे, “आजचे दूध वासराचे.” वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस आपण ते घेतो, एक दिवस तरी ते कुणाचे आहे, याची आठवण ठेवायची. या वर्षी वसुबारसेला मी दादाकडे जाणार आहे. वहिनींनी आताच बजावून ठेवले आहे, चहा काळा मिळेल.